व्हिडिओ चालत नाही म्हणून डोकं धरून बसायच्या आधी मीडियाइन्फो चालवा : नवख्यांसाठी, पायरी पायरीने

गणपतीतली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा वाजलेले, कोल्हापुरात राजारामपुरीत मांडवासमोर एलईडी वॉल उभी, आणि पोरांनी दोन आठवडे खपून २०१९ च्या महापुरातल्या मदतकार्याचा सात मिनिटांचा व्हिडिओ केलेला तो लावायचा होता. पेनड्राइव्ह लावला, आवाज आला, चित्र काही आलंच नाही. नुसती काळी वॉल आणि त्यातनं बोटीच्या इंजिनाचा आवाज. ऑपरेटर म्हणाला, "फाईल करप्ट हाय भावा." आमच्या लॅपटॉपवर तीच फाईल झकास चालत होती, म्हणजे करप्ट कशी? मग पेनड्राइव्ह बदला, पोर्ट बदला, फाईलचं नाव बदला, असं करत दीड वाजला आणि सगळे तोंड पाडून घरी गेले.

घरी येऊन मी एक ओळ टाइप केली आणि दहा सेकंदात कारण समोर. फाईल एकदम ठणठणीत होती, पण आतला व्हिडिओ एचईव्हीसी या नव्या पद्धतीनं दाबलेला होता, तो पण १० बिटचा, आणि वॉलसोबतच्या त्या छोट्या प्लेअरला तो कळतच नव्हता. सकाळी फाईल बदलून दिली आणि संध्याकाळी वॉलवर चालली. तेव्हापासून माझा एक नियमच झालाय, फाईल कुणाची पण असो, आधी तिच्या पोटात काय आहे ते बघायचं आणि मग बोलायचं. नावापुढं एमपीफोर लिहिलंय यावर विश्वास ठेवायचा नाही, ते म्हणजे डब्यावरचं लेबल झालं, आत तूरडाळ आहे का हरभराडाळ ते झाकण उघडल्याशिवाय कळत नाही.

हे झाकण उघडायचं टूल म्हणजे मीडियाइन्फो. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, जेरोम मार्टिनेझ या फ्रेंच माणसानं सुरू केलेलं, आता मीडियाएरिया नावाची त्यांची टीम सांभाळते. बटणांची खिडकीवाली आवृत्ती पण मिळते, पण मी इथं कमांड लाइनवालीच, म्हणजे काळ्या खिडकीत ओळ टाइप करून चालवायचीच सांगणार, कारण पन्नास फाईली असल्या की खिडकीत एकेक उघडत बसायला जीव जातो.

एक आधीच सांगतो. माझा मामेभाऊ गारगोटीला असतो, त्याला हे सगळं मी फोनवर सांगितलं होतं आणि इथं पण तसंच सांगतोय, म्हणजे कमांड देवनागरीत, बोलतात तशा. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं, सगळी छोटी लिपी, जिथं कॅपिटल पाहिजे तिथं मी सांगीन. 'स्पेस' म्हटलं की स्पेसबार, 'डॅश' म्हटलं की मायनसचं बटण. मीडियाइन्फोचं स्पेलिंग : एम, ई, डी, आय, ए, आय, एन, एफ, ओ, सगळं जोडून.

काय काय लागेल

- कम्प्युटर, कसला पण. दहा वर्षं जुना असला तरी चालतो, हे टूल व्हिडिओ चालवत नाही, नुसतं वाचतं.
- ओरिजिनल फाईल. कॅमेऱ्याच्या कार्डावरची किंवा मोबाइलमधनं केबलनं काढलेली. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून आलेली नको, ती व्हॉट्सअ‍ॅपनं परत दाबून बारीक केलेली असते आणि तिची माहिती म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपची माहिती, तुमच्या कॅमेऱ्याची नव्हे. पाठवायचीच झाली तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, मग जशीच्या तशी येते.
- कार्ड रीडर, कॅमेऱ्यातलं कार्ड असेल तर.
- वही-पेन. हसू नका, लागतं.

१) इन्स्टॉल करा

उबंटू असेल तर एका ओळीत काम : सुडो स्पेस एपीटी स्पेस इन्स्टॉल स्पेस मीडियाइन्फो. पासवर्ड मागेल, टाइप करताना स्क्रीनवर काहीच दिसणार नाही, चांदण्या पण नाहीत. कीबोर्ड बिघडला नाही, तसंच असतं, टाइप करून एंटर मारा.

मॅकवर होमब्रू (कमांडनं सॉफ्टवेअर इन्स्टॉल करायचं टूल) असेल तर ब्रू स्पेस इन्स्टॉल स्पेस मीडिया-इन्फो, आणि इथं मीडिया आणि इन्फोच्या मध्ये डॅश आहे हे लक्षात ठेवा. इन्स्टॉल झाल्यावर चालवताना मात्र परत डॅशशिवाय. का ते विचारू नका.

विंडोजवाल्यांची गंमत इथं होते. मीडियाएरियाच्या साइटवर डाउनलोडच्या पानावर दोन प्रकार असतात, जीयूआय म्हणजे बटणांची खिडकीवाली आणि सीएलआय म्हणजे कमांड लाइनवाली. सगळे पहिलं दिसेल ते घेतात, ते जीयूआय असतं, आणि मग काळ्या खिडकीत कमांड मारली की 'नॉट रेकग्नाइज्ड' असा मेसेज येतो. आपल्याला सीएलआय पाहिजे. ती झिप फाईल असते, इन्स्टॉलर नसतो, सी ड्राइव्हमध्ये एक फोल्डर करून त्यात एक्स्ट्रॅक्ट करायची, बास. झिपच्या आतच डबल क्लिक करून चालवायला जाऊ नका, खिडकी पटकन उघडून बंद होईल आणि तुम्हाला वाटेल व्हायरस आला.

२) काळी खिडकी उघडा

विंडोजमध्ये जिथं एक्स्ट्रॅक्ट केलंय तो फोल्डर उघडा, वरच्या पत्त्याच्या पट्टीत क्लिक करा, तिथलं सगळं खोडून सीएमडी टाइप करून एंटर मारा. त्याच फोल्डरमध्ये काळी खिडकी उघडते, पाथ-बिथ सेट करायची भानगडच नाही. उबंटू आणि मॅकवर टर्मिनल उघडलं की झालं, तिथं कुठनं पण चालतं.

चेक करायला : मीडियाइन्फो स्पेस डॅश डॅश व्हर्जन, यातला व्ही कॅपिटल. आवृत्तीचा नंबर आला की गड जिंकला.

३) पहिली कमांड

मीडियाइन्फो स्पेस फाईलचं नाव. एवढंच. पण फाईलचा पूर्ण पत्ता टाइप करण्यात नवखी माणसं हमखास चुकतात, म्हणून मी सांगतो ते करा, मीडियाइन्फो टाइप करा, एक स्पेस द्या आणि मग माउसनं फाईल उचलून सरळ काळ्या खिडकीत टाका. पत्ता आपोआप येतो.

हातानं टाइप करणार असाल तर दोन गोष्टी. फाईलच्या नावात स्पेस असेल, 'ताईचं लग्न हळद' असं काहीतरी, तर पूर्ण नाव डबल कोटमध्ये घाला, नाहीतर टूलला वाटतं की तीन वेगवेगळ्या फाईली आहेत आणि त्यातली एक पण सापडत नाही. दुसरं, उबंटूवर कॅपिटल-छोटी वेगळी धरतात, आणि कॅमेरे हटकून कॅपिटलमध्ये नावं देतात, त्यामुळे नावाच्या शेवटचं एमटीएस छोट्या लिपीत टाइप केलं की फाईल नाहीच म्हणणार. मराठीत नाव दिलेल्या फाईली विंडोजच्या काळ्या खिडकीत चौकोन चौकोन दिसू शकतात. मी तर शूटच्या फाईलींना इंग्रजी अक्षरं आणि आकडेच देतो, तारीख आधी, मग काम.

४) आलेलं वाचायचं कसं

इथं जरा थांबू, कारण लोक इथंच घाबरतात. स्क्रीनवर पन्नासेक ओळी धडाधड येतात. सगळ्या वाचायच्या नाहीत. टूल ते भागाभागांत देतं : जनरल म्हणजे डब्याची माहिती, व्हिडिओ म्हणजे चित्राची, ऑडिओ म्हणजे आवाजाची. सबटायटल असतील तर टेक्स्ट नावाचा भाग पण येतो. त्या गणपतीच्या फाईलीचं माझ्या वहीत जे उतरवलंय ते असं :

जनरल
फॉरमॅट : एमपेग-४
ड्युरेशन : ७ मिनिटं ४ सेकंद

व्हिडिओ
फॉरमॅट : एचईव्हीसी
फॉरमॅट प्रोफाइल : मेन १०
विड्थ : ३८४० पिक्सेल
हाइट : २१६० पिक्सेल
फ्रेम रेट : २५
बिट डेप्थ : १० बिट

ऑडिओ
फॉरमॅट : एएसी

आता बघा, जनरलमध्ये एमपेग-४ आहे म्हणजे डबा एमपीफोरचाच, तिथं काही घोळ नाही. घोळ व्हिडिओच्या भागात आहे. एचईव्हीसी म्हणजे एच.२६५, हे २०१३ चं स्टँडर्ड, त्याच्या आधीचं एच.२६४ हे २००३ चं, आणि मीडियाइन्फो त्याला एव्हीसी म्हणतं. जुने टीव्ही, मांडववाल्यांकडचे प्लेअर, हॉलमधले प्रोजेक्टर, यांतल्या बऱ्याच जणांना एव्हीसी ८ बिट चालतं आणि एचईव्हीसी १० बिट चालत नाही, पण आवाज एएसी असल्यामुळे तो मात्र वाजतो. चित्र काळं, आवाज चालू, असं झालं की पहिला संशय इथं घ्यायचा. आयफोन २०१७ पासून हाय एफिशियन्सी मोडमध्ये एचईव्हीसीच रेकॉर्ड करतात, त्यामुळे 'माझा फोन महागातला आहे' हे उत्तर नसून तोच प्रॉब्लेम असू शकतो.

बाहेर कुठं लावायची फाईल असेल तर मी एवढंच बघतो : एव्हीसी, ८ बिट, क्रोमा (रंगाची माहिती) ४:२:०, १९२० बाय १०८०, आवाज एएसी, ४८ किलोहर्ट्झ, दोन चॅनेल. यातलं काही वेगळं दिसलं तर हँडब्रेक नावाच्या व्हिडिओ बदलायच्या प्रोग्रॅममध्ये टाकून बदलून घ्यायचं, तो पण फुकट आहे. नाव बदलून एमकेव्हीचं एमपीफोर होत नाही ओ! उलट मीडियाइन्फो अशी चोरी लगेच पकडतं, फॉरमॅटपुढं मात्रोस्का (एमकेव्ही डब्याचं खरं नाव) असं लिहून येतं आणि एक्स्टेन्शन जुळत नाही म्हणून वेगळी ओळ पण येते.

बिट रेटची ओळ पैशाच्या कामाची. सेकंदाला किती मेगाबिट ते तिथं असतं, त्याला ८ नी भागलं की मेगाबाइट. शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच मोबाइलवर १७ मेगाबिटला शूट केली तर मिनिटाला सव्वाशेच्या वर एमबी, नव्वद मिनिटांचे साधारण साडेअकरा जीबी. १६ जीबीच्या कार्डात एक मॅच मावते, एक्स्ट्रा टाइम पण कसाबसा मावेल, दुसरी मॅच नाही. हे गणित मॅचच्या आधी करायचं असतं, हाफ टाइमला नाही. मेगाबिट आणि मेगाबाइटमध्ये गल्लत करू नका, आठपटीचा फरक पडतो, आणि फाईल साइजपुढं एमआयबी, जीआयबी असं लिहून येतं ते १०२४ च्या हिशोबातलं असतं, म्हणून कार्डावर लिहिलेल्या आकड्याशी बरोबर जुळत नाही.

फ्रेम रेट मोड ही ओळ माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात दुर्लक्षित. कॉन्स्टंट असेल तर बरं. मोबाइलच्या फाईलीत बऱ्याचदा व्हेरिएबल असतं, म्हणजे उजेड कमी झाला की फोन फ्रेम कमी-जास्त करतो. नुसतं बघायला काही फरक पडत नाही, पण एडिटिंगला घेतलं की काही सॉफ्टवेअरमध्ये आवाज हळूहळू सरकत जातो. पहिल्या मिनिटाला कळत नाही, शेवटी शेवटी मात्र आधी गॅलरीतनं आरडाओरडा ऐकू येतो आणि मग बॉल जाळ्यात जातो. मी एकदा अख्खी रात्र आवाज हातानं मागं-पुढं ओढत बसलोय, सकाळी मीडियाइन्फो चालवलं तर व्हेरिएबल. आता असं दिसलं की हँडब्रेकमध्ये कॉन्स्टंट निवडून आधी नवीन फाईल करतो, मगच एडिटिंग.

जुन्या लग्नाच्या कॅसेटी कॉपी करून आणल्या असतील तर अजून दोन ओळी बघा. मिनीडीव्हीची फाईल आपल्याकडं ७२० बाय ५७६, २५ फ्रेम, स्कॅन टाइप इंटरलेस्ड अशी येते आणि तासाला साधारण १३ जीबी होते. डिस्प्ले आस्पेक्ट रेशो ४:३ पाहिजे. आमच्या थोरल्या काकांच्या लग्नाची कॅसेट एका दुकानातनं डिजिटल करून आणली तर सगळी वरात पसरट, काकू बघून म्हणाली, "आगं बया, मी एवढी जाडी होतो व्हय!" तिथं १६:९ करून चित्र ताणलं होतं. साइजचा हिशोब केला तर तासाला दीड जीबी पण नव्हती, म्हणजे ओरिजिनल डीव्ही दिलंच नव्हतं, दाबून बारीक करून दिलं होतं. परत जाऊन आकडे दाखवले, मग गुमान ओरिजिनल दिली. तेव्हा पैसे द्यायच्या आधी दुकानातच लॅपटॉप उघडा.

तारखेबद्दल. एन्कोडेड डेट पुढं यूटीसी लिहिलेलं असतं, आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढं. मिरवणूक रात्री सव्वानऊला शूट केली तर तिथं १५:४५ दिसेल, दुपारची म्हणून भांडू नका. वर काही कॅमेरे स्वतःच्या घड्याळाची वेळ तशीच लिहितात आणि तरी पुढं यूटीसी येतंच, त्यामुळे आपल्या कॅमेऱ्याचं एकदा टेस्ट शूट करून बघून ठेवा.

५) फाईल खरंच बिघडलीय का

बॅटरी गेली, कोणी कार्ड ओढून काढलं, असं झालं की एमपीफोर अर्धवट राहते. कॅमेरा सगळ्या फाईलीची अनुक्रमणिका शेवटी लिहितो, ती लिहायच्या आधीच बंद पडला की चित्र सगळं आत असून सापडत नाही. अशा वेळी मीडियाइन्फोत नुसता जनरल भाग दिसतो, व्हिडिओ नाही, ऑडिओ नाही. असं दिसलं तर त्या कार्डावर पुढं अजिबात शूट करू नका, फॉरमॅट तर मुळीच नको, फाईलची कॉपी काढून ठेवा आणि रिपेअरच्या मागं लागा.

पण उलटं खरं नाही, आणि इथं मी स्वतः फसलोय. मीडियाइन्फोत सगळं नीट दिसलं म्हणजे फाईल नीट आहे असं नाही, कारण ते फाईल शेवटपर्यंत चालवून बघत नाही. एक हळदीची फाईल माहितीत एकदम स्वच्छ होती आणि बाविसाव्या मिनिटाला सगळीकडं हिरवे ठोकळे. पूर्ण तपासायला एफएफएमपेग (स्पेलिंग एफ, एफ, एम, पी, ई, जी) नावाचा दुसरा प्रोग्रॅम लागतो, २००० साली फॅब्रिस बेलार्डनं सुरू केलेला. कमांड अशी : एफएफएमपेग, स्पेस, डॅश व्ही, स्पेस, एरर, स्पेस, डॅश आय, स्पेस, फाईलचं नाव, स्पेस, डॅश एफ, स्पेस, नल, स्पेस, आणि शेवटी नुसता एक डॅश. तो शेवटचा डॅश मामेभाऊ प्रत्येक वेळी विसरतो. नलचं स्पेलिंग एन, यू, एल, एल. फाईल मोठी असेल तर वेळ लागतो, चहा घेऊन या. आल्यावर काहीच छापलेलं नसेल तर फाईल ठीक, ओळींवर ओळी आल्या असतील तर कुठंतरी मार बसलाय.

एफएफएमपेगसोबतच एफएफप्रोब पण येतो, तो मीडियाइन्फोसारखंच काम करतो, थोडक्यात. एफएफप्रोब, स्पेस, डॅश हाइड अंडरस्कोर बॅनर, स्पेस, फाईल. हाइड-बॅनर नाही घातलं तर आधी त्याची स्वतःचीच वंशावळ वाचावी लागते. अर्धवट एमपीफोरवर तो 'मूव्ह अ‍ॅटम नॉट फाउंड' असं स्पष्ट सांगतो, मूव्हचं स्पेलिंग तिथं एम, ओ, ओ, व्ही असतं, तीच ती हरवलेली अनुक्रमणिका.

६) पूर्ण फोल्डरची यादी एकदम

काळ्या खिडकीत आधी फाईलींच्या फोल्डरमध्ये जा : सीडी स्पेस आणि फोल्डर ओढून टाका, एंटर. विंडोजवर फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर असेल तर सीडीनंतर स्पेस देऊन स्लॅश डी पण घाला. आणि विंडोजवर टूल त्या फोल्डरमध्ये नाही, म्हणून मीडियाइन्फो टाइप करण्याऐवजी त्याची एक्सई फाईलच ओढून टाका. मग स्पेस, चांदणी, डॉट, एमपीफोर, स्पेस, मोठ्याचं चिन्ह, स्पेस, यादी डॉट टीएक्सटी. हे मोठ्याचं चिन्ह म्हणजे गणितातलं, उजवीकडं टोक असलेलं. स्क्रीनवर काही येणार नाही, सगळं त्या टेक्स्ट फाईलीत जाईल, ती नोटपॅडमध्ये उघडून व्हेरिएबल नाहीतर एचईव्हीसी असं शोधायचं. चिन्हानंतर चुकून व्हिडिओचं नाव टाकू नका, त्या व्हिडिओच्या जागी टेक्स्ट लिहिलं जाईल आणि व्हिडिओ गेला तो गेला, परत येत नाही.

अजून खोलात जायचं असेल तर फाईलच्या नावाआधी डॅश एफ घाला, दुप्पट-तिप्पट ओळी येतात. रोज लागत नाही.

७) पाठवायच्या आधी एक नजर

मोबाइलमध्ये लोकेशन चालू असेल तर व्हिडिओत जागेचे आकडे बसतात. जनरल भागात शेवटी १६.७० आणि ७४.२४ च्या आसपासचे आकडे दिसले तर ते कोल्हापूर, आणि पुढचे दशांश मोजले तर तुमची गल्ली. घरातल्या बारशाचा व्हिडिओ ओरिजिनल फाईल म्हणून कुणा अनोळखी माणसाला पाठवताना हे आठवा. कॅमेरा अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करता येतं, पण ते पुढच्या व्हिडिओंसाठी, आधीच्यांत बसलेलं तसंच राहतं.

आणि दुसऱ्याला एडिटिंगला किंवा वॉलवर लावायला फाईल देताना यादी डॉट टीएक्सटी पण पेनड्राइव्हमध्ये टाकून देत जा. यंदा मी मांडवात जायच्या आधीच ऑपरेटरला ती पाठवली, त्यानं बघून एवढंच विचारलं, "२५ फ्रेम हाय न्हवं? मग लावतो."